गाडीचा तोल आणि पोलादाचा पीळ : प्रस्तावना

मोटारगाडीबद्दल बोलताना आपण इंजिनाबद्दल भरभरून बोलतो. किती सीसी, किती अश्वशक्ती, लिटरला किती किलोमीटर, हे प्रश्न गावच्या पारावरही ऐकू येतात. गाडी वळणावर कशी वागते, हे मात्र क्वचित कोणी विचारते, आणि विचारलेच तर ‘दणकट आहे’, ‘रस्ता धरते’ एवढ्यावर उत्तर आटोपते. खरे तर वळणावरच्या वागण्याचे स्वतःचे शास्त्र आहे आणि त्याचा मोठा भाग बारावीच्या भौतिकशास्त्राने समजण्यासारखा आहे. त्या शास्त्रात शिरायला एक छोटे, पण थेट गाभ्यापर्यंत नेणारे दार आहे. ते म्हणजे अँटी-रोल बारची निवड. वाचकांना त्या दारापर्यंत सोबत करावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

हा बार म्हणजे गाडीखाली आडवा बसवलेला, दोन्ही टोकांना वाकवलेला पोलादी दांडा. गॅरेजमध्ये तुम्ही त्याला स्टेबलायझर किंवा बॅलन्स रॉड म्हणत असाल, रेसिंगच्या पुस्तकांत तो स्वे बार या नावानेही भेटतो. मधला लांब भाग रबरी बुशांमधून चॅसीला धरलेला असतो आणि दोन्ही टोके लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. साध्या गाडीत त्याचे काम झुकाव कमी करणे एवढेच वाटते. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र तोच दांडा गाडीचा स्वभाव ठरवतो: वळणात आधी नाक बाहेर जाणार की शेपूट, स्टीअरिंगला गाडी लगेच उत्तर देणार की थांबून, चालकाला तिच्यावर भरवसा वाटणार की धाकधूक. इंजिनाला हात न लावता, तुलनेने थोड्या खर्चात एवढा फरक घडवणारे सुटे भाग फार थोडे आहेत.

परभणीत बसून स्पोर्ट्स कारचा विचार का करावा, असे कोणाला वाटू शकेल. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे अभिमानाने म्हणणाऱ्या जिल्ह्याला या प्रश्नाने बिचकण्याचे कारण नाही. दोन आसनी स्पोर्ट्स कार वसमत रोडवर किंवा जिंतूर रोडवर रोज दिसणार नाही, हे खरे. पण तिचा विचार करण्याची साधने आपल्या जवळ आहेत. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या करत आली आहे. चाकणच्या कारखान्यातून २००९ पासून फोक्सवॅगन पोलो बाहेर पडू लागली आणि २०१० मध्ये त्याच गाडीची शर्यतमालिका देशात सुरू झाली. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो आली. आणि आपल्याच मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला, स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी होत असे. तिचा आरएस हा वेगवान अवतार आजही जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणकार शोधत असतात.

याहून महत्त्वाचा प्रवाह विद्यार्थ्यांचा आहे. ‘बाहा’ ही खडबडीत मार्गावरच्या गाड्यांची स्पर्धा भारतात २००७ मध्ये आणि ‘सुप्रा’ ही फॉर्म्युला प्रकारची स्पर्धा २०११ मध्ये सुरू झाली. त्यांत आणि ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धांत महाराष्ट्रातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये उतरतात. मुंबईच्या आयआयटीचे आणि सोमय्या महाविद्यालयाचे संघ तर परदेशी स्पर्धांतही जाऊन आले आहेत. या स्पर्धांतल्या गाड्या विद्यार्थी स्वतः आखतात, वेल्डिंग करतात, चालवतात आणि परीक्षकांपुढे प्रत्येक निर्णयाचे समर्थन करतात. ‘हा बार एवढ्याच जाडीचा का?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे आकड्यांत द्यावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी शाफ्टवरच्या पिळाचे गणित शिकतच असतो. अँटी-रोल बारचे गणित तेच आहे. फरक एवढाच की अवजाराच्या शाफ्टला पीळ बसू नये म्हणून आपण झटतो, तर इथे पीळ हवाच असतो आणि तोही मोजूनमापून.

इतिहासाकडे थोडे वळू. १९१९ साली कॅनडातल्या फ्रेडरिक्टन शहराच्या स्टीफन कोलमन यांना अशा दांड्याचे पेटंट मिळाले. त्या काळच्या गाड्यांना अखंड ॲक्सल आणि ताठ पाटे असत, त्यामुळे त्याची निकड फारशी जाणवली नाही. १९३० च्या दशकात पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली, स्प्रिंगा मऊ झाल्या, प्रवास सुखाचा झाला आणि गाड्या वळणावर जास्त झुकू लागल्या. रोल्स रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले इंग्रज अभियंते मॉरिस ऑली यांनी याच सुमारास वळणाऱ्या गाडीचा पद्धतशीर अभ्यास केला. अंडरस्टीअर, म्हणजे पुढची चाके आधी घसरून गाडीने वळण रुंदावणे, आणि ओव्हरस्टीअर, म्हणजे मागची चाके आधी घसरून शेपूट बाहेर जाणे, या कल्पनांना आजचे नेमके रूप मिळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

बारची निवड हा किती गंभीर विषय होऊ शकतो, हे शेवरोलेच्या कॉर्व्हेअर या गाडीने दाखवले. १९६० च्या या मॉडेलचे इंजिन मागे होते, त्यामुळे वजन मागे जास्त. शिवाय मागचे सस्पेन्शन असे की जोरात वळताना चाकाचा कोन बिघडे. पुढच्या बाजूला अँटी-रोल बार दिला असता तर मागच्या चाकांवरचा ताण हलका झाला असता, पण सुरुवातीच्या गाड्यांना तो दिला गेला नाही. १९६४ च्या मॉडेलला तो मिळाला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या गाडीवर होते आणि त्यातून अमेरिकेत वाहनसुरक्षेची मोठी चर्चा उभी राहिली. पुढे १९७२ मध्ये सरकारी अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा विशेष धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. वाचकांनी दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. तरी मागे वजनदार असलेल्या गाडीला पुढचा बार का उपकारक ठरतो, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे, आणि त्याचे उत्तर या विषयाच्या गाभ्यात आहे.

त्या गाभ्याकडे जाण्याआधी बार काम कसे करतो ते पाहू. ओले लुगडे पिळताना दोन्ही टोके एकाच दिशेने फिरवली तर पीळ बसत नाही, कापड नुसते गोल फिरते. टोके उलट दिशांनी फिरवली की पीळ बसतो आणि हाताला जोर जाणवतो. बारचेही तसेच आहे. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर दांडा आपल्या बुशांमध्ये नुसता फिरतो, गाडी ताठ होत नाही. वळणावर मात्र बाहेरचे चाक बॉडीच्या दिशेने वर आणि आतले खाली जाते, दांड्याला पीळ बसतो, आणि तो पीळ सुटू पाहताना बॉडीला झुकण्यापासून रोखतो. म्हणजे सरळ रस्त्यावरची मऊ चाल न घालवता वळणावरचा झुकाव कमी करण्याची ही युक्ती आहे. स्प्रिंगा कडक करूनही झुकाव कमी होतो, पण त्याची किंमत प्रत्येक खड्ड्यावर मोजावी लागते.

आता गाभा. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. किती, हे चार गोष्टींवर ठरते: गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. गाडी ११०० किलोची, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच, चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर आणि वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरला, तर सुमारे ३०३ किलो भार आतून बाहेर सरकतो. बार जाड घाला, बारीक घाला किंवा काढून टाका, हा आकडा जवळपास तोच राहतो. बदलते ती वाटणी. या ३०३ किलोंपैकी किती पुढच्या जोडीने सोसायचे आणि किती मागच्या, हे बार ठरवतो. चाकांच्या ज्या जोडीचा बार कडक, तिच्या वाट्याला भाराची अदलाबदल जास्त येते.

या वाटणीला महत्त्व का, ते टायरच्या स्वभावात आहे. टायरवर भार वाढवला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. मानलेले आकडे घेऊन पाहू. प्रत्येकी ३०० किलो भार सोसणारी दोन चाके मिळून ६०० किलोंची पकड देतात असे धरा. वळणावर एकावर ४५० आणि दुसऱ्यावर १५० किलो आले. जास्त भाराचा टायर आता भाराच्या ०.९२ पट पकड देतो, म्हणजे ४१४ किलो. कमी भाराचा टायर १.०६ पट देतो, म्हणजे १५९. बेरीज होते ५७३. भार तितकाच, पकड २७ किलोंनी कमी. अदलाबदल जितकी मोठी, तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. म्हणूनच पुढचा बार कडक केला की पुढची पकड कमी होऊन गाडी अंडरस्टीअरकडे झुकते, आणि मागचा कडक केला की ओव्हरस्टीअरकडे. कॉर्व्हेअरला पुढचा बार का हवा होता, हे आता उघड होईल: भाराच्या अदलाबदलीचा मोठा वाटा पुढे घेतला की आधीच अडचणीत असलेल्या मागच्या चाकांना उसंत मिळते. बार पकड निर्माण करत नाही, तो असलेल्या पकडीची वाटणी करतो. या पुस्तकातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर वाचकांनी हे ठेवावे.

निवडीचे आकडेही फार अवघड नाहीत. भरीव दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. मधला भाग एक मीटर लांब, बाहू, म्हणजे टोकाचा वाकवलेला भाग, २० सेंटिमीटर आणि व्यास २० मिलिमीटर असेल, तर एक टोक धरून दुसरे एक मिलिमीटर हलवायला सुमारे ३१ न्यूटन बळ लागते. व्यास २२ केला की ४६ न्यूटन, २४ केला की ६५. डोळ्यांना दोन मिलिमीटर काहीच वाटत नाहीत, पण गाडीला ती जवळपास दीडपट वाटतात. बाहूची लांबी उलट काम करते, तीही वर्गाने: २० सेंटिमीटरवरची लिंक १८ सेंटिमीटरवरच्या भोकात लावली तर ताठपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. शर्यतीच्या बारला बाहूवर दोन-तीन भोके असतात ती याचसाठी. २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची पोकळ नळी घेतली, तर तेवढ्याच भरीव दांड्याच्या ६७ टक्के ताठपणा अवघ्या ४२ टक्के वजनात मिळतो. आणखी एक गोष्ट जोडून घ्यावी. चाक १० मिलिमीटर हलताना लिंकचे टोक ६ मिलिमीटरच हलत असेल, तर चाकापाशी बारचा परिणाम ०.६ च्या वर्गाएवढा, म्हणजे ३६ टक्केच पोहोचतो. दुसऱ्या गाडीचा ‘जाड’ बार आपल्या गाडीला तसाच लागू पडत नाही, याचे हेही एक कारण.

गाडीच्या घडणीप्रमाणे निवडीची दिशा बदलते. पोलो किंवा पुंतोसारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत वजन पुढे जास्त असते, म्हणून त्या मुळातच अंडरस्टीअर करतात. त्यांच्या मागे वेगळा बार दिसत नाही. दोन्ही मागची चाके जोडणारा आडवा बीमच पिळवटून बारचे काम करतो. अशा गाडीचा तोल साधणारे बहुधा मागचा ताठपणा वाढवतात. पुढचा बार वाढवला तर वळणातून बाहेर पडताना आतले पुढचे चाक हलके होऊन जागीच फिरते आणि इंजिनाची ताकद वाया जाते. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसच्या मागे मल्टिलिंक रचना आहे, तिथे मागचा बार स्वतंत्र असतो आणि बदलणेही सोपे. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत हिशेब उलटा: मागचा बार फार कडक केला तर ॲक्सिलरेटर देताच शेपूट सुटते. शर्यतीचे अभियंते सुरुवातीला एक ठोकताळा धरतात: उभ्या गाडीचे जेवढे टक्के वजन पुढे, त्याहून सुमारे पाच टक्के जास्त वाटा भाराच्या अदलाबदलीत पुढे द्यावा. तो नियम नव्हे, पण आरंभाला चांगला.

या नीटस चित्राला अपवाद आहेत आणि तेच या विषयाचे सौंदर्य आहे. मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचे सस्पेन्शन असलेल्या गाडीत बॉडी झुकली की बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट न राहता बाहेरच्या कडेवर येतो. अशा गाडीला पुढचा बार थोडा कडक केल्याने झुकाव कमी होतो, टायर सपाट राहतो आणि पुढची पकड चक्क वाढते. वरच्या नियमाच्या अगदी उलट! दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढत असतात आणि कोणता जिंकेल हे त्या-त्या गाडीवर ठरते. म्हणून या क्षेत्रात ऐकीव सल्ल्यापेक्षा मोजलेल्या नोंदीला मान आहे. नव्या वाचकांनी यामुळे गोंधळून जाऊ नये. अपवाद कुठून येतो हे कळले, की नियमही अधिक पक्का कळतो.

आता आपल्या रस्त्यांचा विचार. परदेशी पुस्तके गुळगुळीत ट्रॅक गृहीत धरतात. परभणी जिल्हा काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता तिच्याबरोबर हलतो. डांबराला लाटा येतात, कडा खचतात. पाथरी, मानवत, सेलू, सोनपेठकडच्या अनेक रस्त्यांवर डावी चाके खचलेल्या कडेवर आणि उजवी चाके मधल्या उंचवट्यावर, अशी स्थिती सरळ जातानाही येते. डावे-उजवे चाक उलट दिशांना हलले की बारला पीळ बसणारच. म्हणजे जो दांडा फक्त वळणावर जागा व्हायला हवा, तो आपल्याकडे सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो. तो फार कडक असेल तर डाव्या चाकाचा धक्का उजव्या चाकापर्यंत जातो, बॉडी डावी-उजवीकडे डोलते, आणि खचलेल्या जागेतले चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी अधांतरी राहते. टायर जमिनीवरच नसेल, तर पकडीची वाटणी कशाची करणार?

जगभरच्या अनुभवातही हेच दिसते. खडबडीत मार्गावरच्या रॅलीच्या गाड्या डांबरी ट्रॅकवरच्या गाड्यांपेक्षा मऊ बार वापरतात. रांजणगावला २०२१ पासून जुळणी होणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनमध्ये तर खडकाळ वाटेवर पुढचा बार एका बटणाने मोकळा करण्याची सोय आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या खाचखळग्याला भिडू शकते. परभणीच्या वाचकांसाठी याचा अर्थ साधा: ट्रॅकवरच्या गाडीला शोभणारा सर्वांत जाड बार रोजच्या गाडीला घालू नका. आधी चांगले टायर आणि काळजीपूर्वक निवडलेले शॉकअब्सॉर्बर, आणि मग मूळ बारपेक्षा एखाद्या पायरीने कडक बार. जिंतूरच्या डोंगरातल्या वळणांना तो पुरतो आणि पालमच्या आडरस्त्यालाही सोसवतो. तुमची गाडी कोणत्या रस्त्यावर किती धावते, हा निवडीचा पहिला प्रश्न आहे. गाडी कोणती, हा दुसरा.

काम कसे हाती घ्यावे, याचा एक क्रम सुचवतो. प्रथम आहे त्या गाडीची प्रकृती तपासा. झिजलेले बुश, खडखडणाऱ्या लिंक, बिघडलेली अलाइनमेंट आणि कमी-जास्त हवा यांनी गाडीचा तोल बिघडलेला असतो, आणि दोष विनाकारण बारवर येतो. नंतर गाडीचे वागणे शब्दांत मांडा: वळणात शिरताना काय होते, मध्यात काय, बाहेर पडताना काय. बारचा प्रभाव वळणाच्या मध्यात, गाडी एकसारखी झुकलेली असताना, सर्वांत स्पष्ट दिसतो. शिरताना होणारी गडबड पुष्कळदा शॉकअब्सॉर्बरची असते. मग मूळ बारचा व्यास व्हर्नियरने, बाहू पट्टीने मोजा आणि ताठपणा काढा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याची वहीत नोंद ठेवा. जी जोडी आधी घसरते, तिचाच बार मऊ करून आधी पाहा, कारण त्याने घसरणाऱ्या जोडीची पकड वाढते. दुसऱ्या जोडीचा बार कडक केला तरी वाटणी तशीच बदलते, पण गाडी एकूण ताठ होते. झुकाव मुळातच जास्त असेल, तेव्हा मात्र कडक करण्याचा मार्ग योग्य.

चाचणीला फार मोठे मैदान लागत नाही. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेत इंग्रजी आठच्या आकाराची स्किडपॅड चाचणी असते. तिच्या आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि बाहेरच्याचा २१.२५ मीटर. तिचा हिशेब तुम्हालाही करता येईल. वर्तुळाची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, चारने गुणा आणि एका फेरीला लागलेल्या सेकंदांच्या वर्गाने भागा. येणारा आकडा म्हणजे वळणाचा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. १५ मीटर त्रिज्येवर फेरीला ८.७ सेकंद लागले तर जोर ०.८ च्या आसपास, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हंगाम संपल्यावर रिकामे राहणारे जिनिंगचे काँक्रीटचे आवार, मालकाची परवानगी, हेल्मेट, मोकळी जागा आणि हाताशी एक जबाबदार माणूस, एवढे पुरे. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग कधीही करू नये. आपल्या उन्हाळ्यात सकाळी आणि दुपारी टायरची हवा आणि पकड दोन्ही बदलतात, म्हणून तुलना एकाच वेळच्या नोंदींची करावी.

बसवण्यातही कौशल्य आहे. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना लिंक आवळल्या तर दोन्ही बाजू समान न बसण्याची शक्यता असते, आणि बारमध्ये आधीच पीळ भरून राहतो. मग गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरे. लिंकची लांबी बदलता येत असेल, तर गाडी सपाट जागी चाकांवर उभी, चालकाच्या जागी त्याच्याइतके वजन, अशा स्थितीत ती जुळवावी. पॉलियुरेथेनचे बुश रबरापेक्षा ताठ, त्यामुळे बारचा प्रतिसाद चटकन मिळतो, पण त्यांना योग्य ग्रीस लागते, नाहीतर दांडा अडकतो आणि कुरकुरतो. कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर बंधने आहेत, म्हणून नोंदणी असलेल्या गाडीत बदल करण्याआधी परिवहन कार्यालयाकडे आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. कारखाने रस्त्यावरच्या गाडीत मुद्दाम थोडा अंडरस्टीअर ठेवतात, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि अशी गाडी तेव्हा स्वतःहून सावरते. हा सुरक्षेचा साठा संपूर्ण खर्च करू नये.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे आणि तिघांनी ते वेगवेगळ्या वाटेने वाचावे. विद्यार्थ्यांनी आधी टायरचे प्रकरण वाचावे, कारण बाकी सगळे गणित त्यावर उभे आहे. गॅरेजमधल्या कारागिरांनी मोजमाप आणि बसवणीपासून सुरुवात करावी. त्यांच्या हातांना जे आधीच ठाऊक आहे, त्याचे कारण त्यांना पुढच्या पानांत सापडेल. ज्यांना गाडी फक्त चालवायची आहे, त्यांनी वळणाच्या तीन टप्प्यांचे प्रकरण वाचून आपल्या गाडीकडे नव्याने लक्ष द्यावे. सूत्र अडले तर पुढे जा, उदाहरण सोडवा, मग मागे या. तिघे एकत्र बसले तर उत्तमच. चालकाला जाणवते, कारागिराला दिसते आणि विद्यार्थी मोजतो. तोलाचे काम या तिघांच्या बोलण्यातून पूर्ण होते.

हे ज्ञान आजवर बहुतांशी इंग्रजी ग्रंथांत राहिले. विल्यम आणि डग्लस मिलिकन यांचा ‘रेस कार व्हेइकल डायनॅमिक्स’ हा १९९५ चा ग्रंथ आजही या क्षेत्राचा आधार मानला जातो, आणि इथे तयारी झालेल्या वाचकांनी पुढे त्याच्याकडे जरूर जावे. पण पहिले पाऊल आपल्या भाषेत आणि आपल्या रस्त्यावर पडले, तर पुढची वाट सोपी होते. शिवाय काळ्या मातीवरच्या रस्त्याला कोणता बार मानवतो, हे त्या ग्रंथांत लिहिलेले नाही. ते इथल्याच कोणाला तरी मोजून लिहावे लागेल. सुरुवात आजही होऊ शकते: गाडीखाली वाका, बार शोधा, त्याचा व्यास आणि बाहू मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. परभणीच्या रस्त्यांवर अशा नोंदी जमत गेल्या, तर या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीतले सर्वांत मोलाचे प्रकरण वाचकांनी लिहिलेले असेल.